प्रथमोपचाराचं प्रशिक्षण : मुंबईतल्या कामाच्या जागी आणि घरात कसं घडवून आणायचं

हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त पोचणं थांबतं आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होते. छातीवर दाब देणारं कोणी नसेल तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. संध्याकाळी सातला अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, किंवा जुलैच्या पावसात हिंदमाताला रुग्णवाहिका किती वेळात पोचेल हे मुंबईकराला सांगायला नको. ती येईपर्यंतची मिनिटं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या, वॉचमनच्या, सुनेच्या किंवा कॉलेजातल्या मुलाच्या हातात असतात. प्रशिक्षण त्या मिनिटांसाठी घ्यायचं असतं. भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र तेव्हा उपयोगी पडत नाही, सरावलेले हात पडतात.

आधी जागा फिरून बघा

प्रशिक्षकाला फोन करण्याआधी एक तास काढा आणि कागद-पेन घेऊन आपली जागा फिरा. इथे माणसाला काय होऊ शकतं, हे खोलीखोलीने लिहा. लोअर परळच्या काचेच्या कचेरीत यंत्राने बोट तुटणार नाही, पण छातीत दुखणं, पक्षाघात, फीट आणि कँटीनमध्ये घास अडकणं हे सगळं होऊ शकतं. अंधेरीच्या एमआयडीसीत पॉवर प्रेस किंवा लेथ असेल तर रक्तस्राव आणि तुटलेलं बोट हे धडे आधी. हॉटेलच्या भटारखान्यात गरम तेल आणि सुरी. रंगाच्या किंवा प्लेटिंगच्या गाळ्यात आम्ल डोळ्यात उडणं. सोसायटीत टाकी, पंपाची खोली, गच्ची, लिफ्ट आणि सत्तरीच्या पुढचे रहिवासी. ही यादी प्रशिक्षकाच्या हातात द्या आणि तिच्यावर वेळ वाटून मागा. सगळ्यांना एकच तयार स्लाइड-शो दाखवणारा माणूस तुमच्या कामाचा नाही.

मग माणसं निवडा. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेली जबाबदार व्यक्ती, आणि ५०० च्या वर कामगार असतील तर रुग्णवाहिका-कक्ष, असं घालून दिलं. हा किमान हिशेब झाला. प्रत्यक्षात दर मजल्यावर, दर पाळीत दोन शिकलेली माणसं हवीत, कारण एकजण रजेवर असतो आणि दाब देताना अदलाबदलही लागते. या यादीत रात्रपाळीचा वॉचमन, सफाईवाल्या मावशी, कँटीनचा आचारी आणि लिफ्टमन जरूर घ्या. अनेक जागी फक्त एचआरची माणसं शिकतात, आणि ती सहाला घरी जातात.

प्रशिक्षक ठरवताना

सेंट जॉन अँब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस सोसायटी या जुन्या संस्था असे वर्ग घेतात. रेड क्रॉसची महाराष्ट्र शाखा फोर्टात टाउन हॉलच्या आवारात आहे. याशिवाय अनेक रुग्णालयं आणि खासगी प्रशिक्षक आहेत. कोणालाही बोलावण्याआधी सरळ विचारा: दाबाच्या सरावाचे, माणसाच्या आकाराचे पुतळे किती आणणार? तीन ते चार जणांमागे एक पुतळा हवा. पन्नास माणसं आणि दोन पुतळे असतील तर बहुतेकांच्या वाट्याला अर्धं मिनिटसुद्धा येत नाही. दाब पुरेसा खोल गेला की टिक् आवाज करणारा किंवा दिवा लावणारा पुतळा मागा. त्याशिवाय आपण किती दाबतोय हे शिकणाऱ्याला कळतच नाही. तान्ह्या बाळाचा पुतळा आणि सरावाचा एईडी (हृदयाला विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करणारं यंत्र) आहे का? वर्ग मराठीत किंवा हिंदीत घेणार का? एका प्रशिक्षकामागे बारा ते पंधराच्या वर माणसं बसवू नका. नुसता व्हिडिओ दाखवून कोणी सर्टिफिकेट देत असेल तर तो सौदा करू नका.

वेळ किती? सगळे धडे हातांनी करायचे तर सहा ते सात तास लागतात. एवढा वेळ एका दिवशी मिळत नसेल तर दोन अर्धे दिवस घ्या, पण सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) आणि घास अडकणं पहिल्याच सत्रात संपवा. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं मीटिंगमध्ये अडकतात.

सीपीआर : निम्मा वेळ इथेच जाऊ द्या

माणूस कोसळलेला दिसला की आधी आपली सुरक्षितता: विजेची वायर, वाहनं, गॅस. मग दोन्ही खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, तर दहा सेकंदांच्या आत छाती हलते आहे का ते बघा. इथे पहिली चूक होते. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस मधूनमधून मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा आचके देतो, घशातून घरघर येते. लोक म्हणतात, श्वास चालू आहे, आणि थांबतात. ते आचके म्हणजे श्वास नव्हे. नीट, नियमित श्वास नसेल तर सीपीआर सुरू करायचा. नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बोटातले ठोके जाणवतात आणि तो फसतो.

एका विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून सांगा: "तुम्ही १०८ लावा, स्पीकरवर ठेवा." दुसऱ्याला: "तुम्ही एईडी आणा." कोणीतरी फोन करा असं म्हटलं तर कोणीच करत नाही.

रुग्ण पलंगावर असेल तर खाली जमिनीवर घ्या. गादीवर दाब दिला तर गादी दबते, छाती नाही. दहा बाय दहाच्या खोलीत जागा नसते, तेव्हा चादरीसकट ओढून गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये आणा. हे ओढणंसुद्धा वर्गात करून बघायचं असतं.

छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच (मनगटाजवळचा जाड भाग) ठेवा, दुसरा हात वर, बोटं गुंफलेली आणि फासळ्यांपासून उचललेली. कोपर सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हृदयात रक्त भरतं ते त्याच क्षणी, आणि दमलेला माणूस छातीवर रेलून राहतो तेव्हा ते भरत नाही. ३० दाबांनंतर २ श्वास: कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, प्रत्येक श्वास एक सेकंद, छाती उचललेली दिसेल इतकाच. तीस दाबांना १५ ते १८ सेकंद लागायला हवेत. मराठीत मोजताना एकवीस-बावीसनंतर शब्द लांबतात आणि वेग पडतो. म्हणून एक ते दहा तीनदा मोजायची सवय लावा.

तोंडाने श्वास देणं जमत नसेल किंवा नको वाटत असेल, तर नुसते दाब देत राहा. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाला त्याचाही चांगला उपयोग होतो. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांच्यात मात्र प्राणवायूच संपलेला असतो, तिथे श्वास हवेतच. बुडालेल्याला सुरुवातच २ श्वासांनी करा.

दर दोन मिनिटांनी माणूस बदला. आपण दमलेलो नाही असं वाटतं, पण दाबाची खोली त्याआधीच कमी झालेली असते. बदलताना दहा सेकंदांहून जास्त खंड पडू देऊ नका. फासळी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. हात नीट जागेवर आहेत एवढं पाहा आणि चालू ठेवा. फासळी जुळते.

बायकांच्या बाबतीत अनोळखी पुरुष हात लावायला कचरतात आणि त्यात मिनिटं जातात. वर्गात हे उघड बोला. आडोशासाठी दोन बायकांनी ओढणी धरायची, हे काम आधीच ठरवून द्या, दाब देणाऱ्याने हात थांबवायचा नाही.

एईडी आला की आधी तो चालू करा, पुढचं तो स्वतः बोलून सांगतो. घाम किंवा पावसाचं पाणी पुसून छाती कोरडी करा. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या काखेखाली बरगडीवर. शॉक देताना कोणीही रुग्णाला शिवलेलं नाही हे मोठ्याने बोलून बघा, आणि शॉकनंतर लगेच दाब सुरू करा. कार्यालयात एईडी असेल तर त्याची बॅटरी आणि पॅडची मुदत दर महिन्याला तपासणारा एक माणूस नेमा. कुलूपबंद केबिनमध्ये ठेवलेला एईडी नसल्यासारखाच.

एक वर्षाखालच्या बाळाला दोन्ही हातांचा वेढा घालून दोन अंगठ्यांनी, साधारण ४ सेंटिमीटर. त्यापुढच्या मुलाला एका किंवा दोन हातांनी, सुमारे ५ सेंटिमीटर. श्वास बाळाचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन, गालात मावेल इतकाच.

घास अडकला तर

माणूस खोकतो आहे, बोलतो आहे, तोवर पाठीत काही मारू नका, खोकू द्या. आवाज बंद झाला, हात गळ्याकडे गेला, चेहरा निळसर पडू लागला की बाजूला उभं राहून त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मधे तळव्याच्या टाचेने ५ जोरदार ठोके द्या. सुटलं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवा, आत आणि वर असे ५ झटके. पुन्हा ५ ठोके, पुन्हा ५ झटके. गरोदर बाई असेल किंवा पोटाला हात पुरत नसतील तर झटके छातीच्या मध्यावर. शुद्ध गेली की जमिनीवर घेऊन सीपीआर. तोंडात वस्तू दिसली तरच बोटाने काढा, आंधळेपणाने बोट घातलं तर ती आत जाते. बाळाला पोटावर दाब कधीही नाही: पुढच्या हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर ५ ठोके, मग उताणं करून छातीवर एका तळव्याच्या टाचेने ५ दाब. शेंगदाणे, चणे आणि अख्खी द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलाला न देणं हे या सगळ्याहून सोपं.

रक्त, भाजणं, शॉक

वाहतं रक्त थांबवायचं साधन म्हणजे दाब. हातमोजे, स्वच्छ कापड, आणि थेट जखमेवर दोन्ही हातांचा जोर, सलग दहा मिनिटं. मधेच उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं. कापूस थेट जखमेवर नको, धागे चिकटतात. हाता-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबाने थांबत नसेल तरच टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा रुंद, घट्ट पट्टा): जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहून. रुग्णालयाबाहेर ते सैल करायचं नाही. बारीक सुतळी किंवा वायर चालत नाही, ती मांस कापते. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बंद करून बर्फाच्या पाण्यात. बर्फ थेट लागला तर पेशी मरतात आणि बोट जोडता येत नाही.

भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस. सोसायटीत पाणी ठरावीक वेळेला येतं, नळ कोरडा असेल तर भरलेल्या बादलीतून मगाने संथ धार सोडत राहा. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. लहान मुलाचा भाजलेला भाग थंड करताना बाकीचं अंग कोरडं आणि उबदार ठेवा. मग सैलसर क्लिंग फिल्म किंवा स्वच्छ सुती कापड. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांतलं काही नाही. हे सगळं उष्णता आत अडकवतं किंवा त्वचेला आणखी इजा करतं, आणि रुग्णालयात ते खरवडून काढावं लागतं ती वेदना वेगळीच. डोळ्यात रसायन गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं पाणी, बाधित डोळा खालच्या बाजूला.

विजेच्या झटक्यात आधी मेन स्विच. तोवर रुग्णाला हात लावायचा नाही. मीटरबॉक्स कुठे आहे हे घरातल्या आणि कामावरच्या प्रत्येकाने हात लावून दाखवावं, हा प्रशिक्षणाचा भाग समजा. मीटररूमच्या दारावर वीजकंपनीचा तातडीचा नंबर मोठ्या अक्षरात लावा. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. तिथे लाकडी काठीही कामाची नाही, लांब राहून रेल्वेला कळवायचं.

फीट येत असेल तर कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं बंद. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टेबल-खुर्ची दूर, घड्याळाकडे लक्ष. झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८. पक्षाघाताची खूण म्हणजे अचानक तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात वर न राहणं, जीभ जड होणं. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे सीटी स्कॅनची सोय असलेलंच रुग्णालय गाठायचं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही नको.

पावसाळ्यासाठी वेगळा अर्धा तास

साचलेल्या पाण्यातून चालताना पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या तापाचा) धोका असतो. घरी पोचल्यावर पाय साबणाने धुवून, कोरडे करून, ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवायचं. डॉक्सिसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी कोणाला, किती, हे डॉक्टर ठरवतील, विशेषतः गरोदर बाया आणि लहान मुलांच्या बाबतीत. आरे, बोरिवली, मुलुंडचा डोंगराकडचा पट्टा इथे सर्पदंश शिकवाच. मण्यारचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि दुखतही नाही, त्यामुळे पहाटे पोटात दुखणं आणि पापण्या जड होणं हीच पहिली खूण असते. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं नाही. अवयव काठीने बांधून स्थिर, माणूस आडवा, आणि प्रतिविष असलेल्या मोठ्या रुग्णालयात.

फोन, गेट आणि लिफ्ट

१०८ किंवा ११२ वर काय बोलायचं ते कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा: स्टेशन आणि पूर्व की पश्चिम, रस्ता, इमारत, विंग, मजला, जवळची ठळक खूण, काय झालं, शुद्ध आहे का, श्वास आहे का. पूर्व-पश्चिम चुकलं तर गाडीला पुलावरून फिरून यावं लागतं. समोरच्याने ठेवा म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

एका माणसाला गेटवर पाठवा, दुसऱ्याने लिफ्ट तळमजल्यावर अडवून धरायची. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. टेप घेऊन आजच मोजा, आणि मावत नसेल तर खुर्चीत बसवून जिना कसा उतरायचा हे दोन मजले प्रत्यक्ष उतरून बघा. ज्याचा सीपीआर चालू आहे त्याला मात्र खुर्चीत बसवायचं नाही. रात्री कुलूप लागणाऱ्या गेटची किल्ली कोणाकडे, आडव्या लावलेल्या गाड्यांचे मालक कोण, हे वॉचमनच्या वहीत हवं.

रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजून जात नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. हे वर्गात वाचून दाखवा.

घरासाठी एक रविवार

घरात सहा तास कोणी बसत नाही. दीड तास काढा: उशीवर हातांची जागा आणि वेग, कुशीवर वळवणं, घास अडकणं, २० मिनिटं पाणी, मेन स्विच. उशीने खोली कळत नाही, तेवढ्यासाठी सोसायटीने एकदा पुतळे घेऊन वर्ग ठेवावा. दहा वर्षांच्या मुलाला १०८ लावून पत्ता सांगता आला पाहिजे. घरकामाच्या ताई आणि आजोबांना सांभाळणारे दादा यांनाही बसवा, दुपारी घरात तेच असतात. फ्रिजच्या दारावर प्रत्येक ज्येष्ठाची औषधं, अ‍ॅलर्जी, रक्तगट आणि डॉक्टरांचा नंबर असलेला एक कागद.

पेटी

पंचवीस-तीस माणसांच्या जागेसाठी: नायट्राइल हातमोज्यांचे ६ जोड, १० × १० सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉझ २०, १० सेंटिमीटर रुंद रोलर बँडेज ६, त्रिकोणी बँडेज ४, चिकटपट्टी २, बँड-एड एक डबा, ५०० मिलिलिटर सलाइन २, बोथट टोकाची कात्री, चिमटा, पॉकेट मास्क (तोंडाने श्वास देताना मधे धरायचा), एक तयार टूर्निके, क्लिंग फिल्मचा रोल, ओआरएसची १० पाकिटं, टॉर्च, वही आणि पेन. पेटीला कुलूप नको. तिच्यात क्रोसिन, अँटासिड आणि कोणाचा तरी चार्जर जमा होऊ देऊ नका, घाईत हवी ती वस्तू सापडत नाही. आतल्या झाकणावर वस्तूंची यादी आणि मुदतीच्या तारखा चिकटवा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासा.

वर्गानंतर

हातांची सवय तीन ते सहा महिन्यांत उतरते, प्रमाणपत्राची मुदत मात्र दोन-तीन वर्षं असते. म्हणून दर तिमाहीला पंधरा मिनिटं: एका पुतळ्यावर प्रत्येकी दोन मिनिटं दाब. वर्षातून दोनदा न सांगता तालीम घ्या, एकदा दिवसा आणि एकदा रात्रपाळीत. कोसळल्यापासून पहिल्या दाबापर्यंत, एईडी येईपर्यंत आणि गेट उघडेपर्यंत किती सेकंद लागले ते वहीत लिहा. पुढच्या वेळी तेच आकडे समोर ठेवा.

खरा प्रसंग घडलाच, तर त्याच दिवशी पेटी भरा, वापरलेली एईडी पॅड बदला आणि काय झालं ते वेळेसकट नोंदवा. ज्याने दाब दिले त्याला घरी एकटं सोडू नका. रुग्ण वाचला नसेल तर आपलंच काही चुकलं असं त्याला आठवडेच्या आठवडे वाटत राहतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोला, आठवड्याने पुन्हा बोला, आणि झोप उडाली असेल तर समुपदेशकाकडे न्या. कंपनीने हा खर्च प्रशिक्षणाच्याच खात्यात धरावा.